आणखी एक खेप

लढाईच्या दिवसांत नगर–पाथर्डी रस्त्यावर ज्या दोन-चार सर्व्हिस मोटारी उरल्या होत्या, त्यांतली एक पीरमहंमद चालवायचा. मोटार भिंगारच्या आबासाहेबांच्या मालकीची, पण वाटेवरच्या गावांत तिला सगळे पीरूभाईची मोटार म्हणायचे. सरकारनं पेट्रोल मोजूनमापून द्यायला घेतल्यापासून तिच्या पाठीवर कोळशाची भट्टी चढली होती. सकाळी क्लीनर पुंजाराम हातानं पंखा फिरवून कोळसा फुलवायचा, भट्टीतला गॅस नळीवाटे इंजिनात जायचा आणि मग मोटार हलायची. सपाटीवर ती बरी धावायची. पाथर्डीहून येताना करंजीचा घाट लागला की तिचा दम निघायचा. मग उतारू खाली उतरत, मागून हात लावत, आणि माथ्यावर पोचल्यावर आपापल्या जागेसाठी पुन्हा भांडत.

आबासाहेब शेतीतले. इंजिनातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे ते चारचौघांत सांगायचे. मोटार तुझ्या स्वाधीन, असं त्यांनी पीरमहंमदला एकदा सांगितलं आणि त्यावर पुन्हा कधी प्रश्न केला नाही. त्यामुळं टायर कधी उतरवायचा, इंजिनाचं तेल कधी बदलायचं, हे सगळं पीरमहंमदच ठरवायचा.

तेलाचं ठरवणं अवघड होतं. कोळशाच्या मोटारीत कितीही गाळणी लावली तरी बारीक राख आत जायचीच, आणि नवं तेलही बघता बघता काळं व्हायचं. रंगावरून काही कळत नसे. पीरमहंमदला ही पारख शिकवली होती खाजाभाईंनी. झेंडीगेटच्या अलीकडे त्यांचा छोटा कारखाना होता आणि अर्ध्या नगरचे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणायचे. इंजिनातली तेल मोजायची काडी बाहेर काढायची, तिच्या टोकाचा थेंब अंगठा आणि बोटामध्ये चोळायचा, वास घ्यायचा. बोटाला कचकच लागली की समजायचं, उशीर झाला. मग बदलायचं तरी कधी, असं पीरमहंमदनं उमेदवारीच्या दिवसांत विचारलं होतं. "बदलावं का, असं मनात पहिल्यांदा आलं ना, तवाच," खाजाभाई म्हणाले होते.

त्या वर्षी होळीच्या आधी खाजाभाईंनी या मोटारीचं इंजिन उघडून बेअरिंगांवर मऊ पांढऱ्या धातूचं नवं मेटल ओतून दिलं होतं. पातीनं ते मेटल खरवडायचं, बसवून बघायचं, पुन्हा खरवडायचं, असं करत त्यांनी कितीतरी दिवस त्यात घातले. मोटार ताब्यात देताना बजावलं, काम नवं आहे, पहिलं तेल लवकर उतरव. तेल परवान्यावर मिळायचं आणि फार वाट बघून मिळायचं. आबासाहेबांनी खटपट करून एक डबा मिळवला आणि पीरमहंमदच्या घरी आणून ठेवला.

तो डबा मोटारीत गेलाच नाही.

पीरमहंमदची धाकटी बहीण सरवरी तिसगावला दिली होती. तिच्या नवऱ्याची, कमरुद्दीनची, तिथं पिठाची गिरणी होती. कमरुद्दीन हिवाळ्यापासून तापानं अंथरुणाला खिळला होता आणि गिरणी सरवरीच चालवायची. पदर खोचून ती स्वतः इंजिनाचा पट्टा चढवायची, दळण टाकायची, पीठ भरून द्यायची. एके दिवशी मोटार तिसगावात थांबली तेव्हा ती रस्त्यावरच उभी होती. इंजिनाचं तेल संपलं होतं, गिरणी बंद पडली होती, आणि बाया जोंधळ्याच्या पाट्या घेऊन परत जात होत्या. कसंही करून नगरातून थोडं तेल आणून दे, म्हणून तिनं भावाला गळ घातली.

पीरमहंमदनं नगरचा बाजार पालथा घातला. तेल कुठंच नव्हतं. शेवटी त्यानं घरातला डबा पोत्यात गुंडाळून मोटारीत टाकला आणि तिसगावला उतरवून दिला. कुठं मिळालं, असं सरवरीनं विचारलं.

"बाजारात," तो म्हणाला.

त्याच्या मनात तेव्हा वाईट काही नव्हतं. पुढचा डबा थोड्या दिवसांत येईल, तोवर जुन्या तेलावर मोटार ओढू, असा त्याचा हिशेब होता. पण पुढचा डबा येईना. आबासाहेबांकडे पुन्हा मागायचा तर पहिल्याचं काय झालं हे सांगावं लागणार. पीरमहंमद रोज सकाळी काडी काढायचा, थेंब चोळायचा आणि म्हणायचा, अजून चालेल. आणखी एक खेप होईल. संध्याकाळी नगरला परतल्यावर म्हणायचा, बघ, झाली की नाही? मग मढीची यात्रा आली. कानिफनाथाच्या दर्शनाला माणसांची रीघ लागली, मोटारीच्या टपावरही लोक बसले, आणि रोजच्या खेपांवर जास्तीच्या खेपा झाल्या. यात्रेच्या गर्दीत त्यानं काडी काढायचंच सोडून दिलं. यात्रा संपल्यावर पहिल्यांदा काढली तेव्हा बोटांना बारीक कचकच लागली. त्यानं बोटं फडक्याला पुसली. फडक्यावरचीच धूळ असेल, असं स्वतःला समजावून तो चालकाच्या जागेवर जाऊन बसला.

त्यानंतर दोन-चार दिवसांतली गोष्ट. पाथर्डीहून नगरला येताना मोटार करंजीला थांबली, तर लोकांनी एका माणसाला धरून आणलं. त्याचा उजवा हात धोतराच्या फडक्यात गुंडाळला होता आणि फडकं रक्तानं काळंभोर झालं होतं. हा सूर्यभान, लोहसरचा. विहिरींत सुरुंग लावून खडक फोडणं हे त्याचं काम. सकाळी लावलेला सुरुंग उडाला नाही, विझला असं समजून तो जवळ गेला, आणि वाकला तेव्हा सुरुंग उडाला. सोबत त्याची बायको कडूबाई होती. तिनं कुणाकडे काही मागितलं नाही, रडली नाही. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती पुढच्या बाकावर बसली आणि पीरमहंमदला एवढंच म्हणाली, "दवाखान्यात लवकर न्या, भाऊ."

करंजी सोडली आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. पुंजाराम म्हणाला, भट्टीचं झाकण वाजतंय. पीरमहंमदला ते भट्टीचं नाही हे कळलं होतं. बेअरिंग ठोकत होती. त्या वेळी थांबून इंजिन थंड करायला हवं होतं. पण पुढच्या बाकावर कण्हणारा माणूस होता, आणि घाट पार झाला की पुढं नगरपर्यंत फारसा चढ नव्हता. त्यानं गाडी घाटात घातली. दुसऱ्या वळणावर आवाज मोठा झाला, मग लोखंडावर लोखंड घासल्यासारखं किंचाळलं काहीतरी, आणि इंजिन जागच्या जागी धरलं. हँडल मारायला गेला तर हँडल तसूभरही फिरेना.

उतारूंनी थोडा वेळ गलका केला आणि मग ते बोचकी उचलून चालायला लागले. दुसरी मोटार त्या दिवशी येणार नव्हती. आता बैलगाडी तेवढी बघायची होती, आणि ती खाली करंजीतच मिळणार होती. कुणीतरी पळत जायला हवं होतं. पुंजारामचा एक गुडघा धरलेला; तो उतारावरसुद्धा लंगडायचा. तरी पीरमहंमदनं त्यालाच धाडलं. मोटार सोडून मला जाता यायचं नाही, असं कारण सांगितलं.

पुंजाराम वळणाआड गेल्यावर त्यानं पाना घेतला आणि मोटारीखाली शिरला. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचा बोल्ट सोडला. तेल नीट वाहीना, गरम डांबरासारखं ते तुटत तुटत पडलं, आणि उन्हाची तिरीप आत येत होती तिथं त्यात चांदीसारखे कण चमकले. बेअरिंगचं मेटल होतं ते. तेल सगळं मुरमात उतरू दिलं, वर हातांनी माती लोटली, पायानं दाबली. चेंबर कोरडा झाला. बाहेर आला तेव्हा कडूबाई करवंदीच्या जाळीखाली नवऱ्याला सावली धरून बसली होती आणि त्याच्याकडेच बघत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा बैलगाडी आली. तिसगावच्या बाजारातून परतलेली बैलं दमलेली होती. घाट चढून ती नगरला पोचली तोवर दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती.

मोटार ओढून खाजाभाईंच्या कारखान्यात आणली. आबासाहेब येऊन बाजूला उभे राहिले. खाजाभाईंनी इंजिन उघडलं, मधली बेअरिंग हातात घेतली. मेटल वितळून निघून गेलं होतं.  ते पीरमहंमदकडे वळून म्हणाले, "तेल कसं हुतं?"

इथं खरं सांगता आलं असतं. आबासाहेब ओरडले असते, कदाचित कामावरून काढलं असतं, पण त्या घटकेला ते सांगता आलं असतं. पीरमहंमदच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"ताजं हुतं, उस्ताद. यात्रेच्या आधीच बदललं. घाटात काय झालं बघाया म्हनून चेंबर सोडला, तवा सांडून गेलं."

इंजिनात आतून काजळी धरली होती, पण कोळशाच्या मोटारीला काजळी असतेच. खाजाभाईंनी शिष्याचा शब्द प्रमाण मानला. तेल ताजं होतं म्हणजे दोष कामाचा, हे सरळ होतं. आबासाहेब रागानं बोलले नाहीत. एवढं जपून करून घेतलेलं काम महिना-दीड महिन्यात जातं, तर आता वय झालं म्हणायचं, असं ते म्हणाले आणि इंजिन दुसऱ्याकडून करून घेऊ, पुण्याला पाठवू, असं सांगून निघून गेले. कारखान्यात आणखी दोन ड्रायव्हर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत माळीवाड्याच्या स्टँडवर सगळ्यांना ठाऊक झालं होतं की खाजाभाईंचा हात गेला.

पीरमहंमदला वाटलं होतं, खाजाभाई चिडतील, मेटलच खराब होतं म्हणतील, लढाईतला माल म्हणतील. ते काहीच म्हणाले नाहीत. मोटार बंद असल्यामुळं पीरमहंमदला काम नव्हतं आणि पाय त्याला रोज कारखान्यातच आणायचे. खाजाभाई जुनी बेअरिंग घेऊन दारातल्या उजेडात बसायचे. ती फिरवायचे, डोळ्यांजवळ न्यायचे, लांब धरायचे. मग आपला उजवा हात समोर धरून बोटं हलतात का बघायचे. एकदा त्यांनी पीरमहंमदलाच विचारलं, माझा हात कापतो का रे? त्यानं नाही म्हटलं. तुला माझं वाईट वाटू नये म्हणून तू म्हणतोस, असं म्हणून ते हसले.

दवाखान्यात जायची त्याची हिंमत होत नव्हती, पण न जाण्याचीही होईना. गेला तेव्हा सूर्यभान झोपला होता आणि त्याच्या उजव्या खांद्याखाली कोपरापर्यंतही हात नव्हता. विष चढत होतं म्हणून कापावा लागला, असं कडूबाईनं सांगितलं. तिनं डॉक्टरला विचारलं होतं, आदल्या दिवशी पोचलो असतो तर राहिला असता का. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. कदाचित राहिला असता. हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. कुणी विचारलं की सांगायचं, तसं सांगितलं. मग म्हणाली, "तुमी मोटारीखाली आडवं पडून लई खटपट केली, भाऊ. मी बघत हुते. आमच्यापायी तुमचं कापडबी समदं काळं झालं."

पीरमहंमद जिना उतरून खाली आला आणि दवाखान्याच्या हौदावर हात धुवायला बसला. हात स्वच्छच होते. तरी तो धूत राहिला. पाण्याला आलेली एक म्हातारी खोळंबली, तिनं दोनदा हाक मारली, तेव्हा तो उठला. घरी त्याची बायको शरिफा विचारायची, काय होतंय? मोटार बंद आहे म्हणून जिवाला लागलंय, असं तो सांगायचा. एक खोटं झाकायला तो आता बोलेल तिथं खोटंच बोलत होता. पुंजारामऐवजी आपण पळालो असतो तर गाडी किती लवकर आली असती, याचा हिशेब तो करायचा. तेल बदलायची किती संधी आपल्याला मिळाली, तेही आठवायचा. रोज सकाळी एक होती.

महिना उलटत आला. एका सकाळी तो कारखान्यात गेला, तर खाजाभाईंनी आपली खरवडायची पाती एका फडक्यात बांधून ठेवली होती. शिसवी मुठीची ती पाती त्यांना त्यांच्या उस्तादानं दिली होती. ती कुणी हातात घेतलेली त्यांना खपत नसे. त्यांनी ते फडकं पीरमहंमदपुढं सारलं. बेअरिंगचं काम मी सोडलं, म्हणाले. पंक्चर, ब्रेक, स्प्रिंगा एवढं करीन. तुझा हात तरुण आहे, तू शीक. माझ्या हातानं एका माणसाचा हात गेला, यापुढं दुसऱ्या कुणाचा जायला नको.

पीरमहंमद फडक्याला शिवला नाही. तो तिथंच तेलकट जमिनीवर बसला.

"उस्ताद, तेल बदललंच नव्हतं," तो म्हणाला. "डबा मी सरवरीला दिला. कचकच लागली हुती, तरी चालवली. घाटात मीच तेल वतलं आन वर माती लोटली, तुमाला दिसू न्हाई म्हनून."

खाजाभाईंनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. 

"नमाजात हात बांधले तरी मी त्या हाताकडंच बघायचो रे," ते म्हणाले. "तू समोर बसून ते बघत हुतास." मग फडकं त्यांनी ओढून घेतलं. "मला सांगून भागायचं न्हाई. आबासाहेबांकडं जा."

तो त्याच पावली भिंगारला गेला. आबासाहेब ओसरीवर बसले होते. त्यानं उभ्याउभ्यानं सगळं सांगितलं. आबासाहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. म्हणाले, उस्तादासाठी एवढं अंगावर घेणारा माणूस आजकाल मिळत नाही. म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आला, ते तुला बघवत नाही, हे मला कळतं. पण खोटं बोलून तू त्याचा हात परत आणणार आहेस का? पीरमहंमदनं पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. जितकं तो सांगायला जाई तितके आबासाहेब मान हलवत आणि घरात चहा सांगत. इंजिन पुण्याला पाठवून करून आणलं की मोटार तूच चालवायचीस, असं वर म्हणाले. तो कप हातात घेऊन पीरमहंमद ओसरीवर बसला होता तेव्हा त्याला खरं बोलण्याची जेवढी शरम वाटली, तेवढी खोटं बोलतानाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो एका मालाच्या गाडीवरून तिसगावला गेला. सरवरी गिरणीत होती. इंजिनाच्या धडधडीत बोलता येईना म्हणून तिनं पट्टा उतरवला. दळणाला आलेल्या बाया बाहेर ओट्यावर थांबल्या. त्यानं सांगितलं. पीठ लागलेल्या हातांनी ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"म्हंजी इतके दिस मी दळत हुते, ते त्या मानसाच्या हातावर?" ती म्हणाली. "भाई, मागितलं मी, व्हय. पन बाजारात मिळालं म्हनून तू मला सांगितलंस."

तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग बरा, असं पीरमहंमदला वाटलं. सरवरीनं बायांना सांगितलं की आज दळण होणार नाही. डब्यात तेल थोडं उरलं होतं. तो डबा तिनं कापडात बांधला आणि भावाला न विचारता स्वतः त्याच्याबरोबर निघाली. भिंगारला आबासाहेबांच्या ओसरीच्या खाली उभी राहून तिनं डबा पायरीवर ठेवला आणि कुठून आला, कधी आला, तेवढं सांगितलं. डब्यावर आबासाहेबांच्याच हातानं लावलेली गेरूची खूण होती.

या वेळी आबासाहेबांनी ती खूण बोटानं चाचपून पाहिली. ते आत गेले, डोक्यावर फेटा चढवून बाहेर आले आणि खाजाभाईंकडे जायला निघाले. जाताना पीरमहंमदला म्हणाले, "हँडल इथं आणून ठेव. उद्यापासून येऊ नकोस." त्यांनी खाजाभाईंची काय समजूत काढली ते पीरमहंमदला कधी कळलं नाही. इंजिन पुण्याला गेलं नाही, एवढं मात्र सगळ्या स्टँडनं पाहिलं. खाजाभाईंनी पुन्हा मेटल ओतलं, पुन्हा पाती घेऊन बसले. पीरमहंमदला त्यांनी मदतीला बोलावलं नाही आणि तो दारात उभा राहिला तर जा असंही म्हणाले नाहीत.

एक प्रश्न मात्र त्यानं दारातूनच विचारला. तेल वेळेवर बदललं असतं तर बेअरिंग राहिली असती का?

खाजाभाईंनी पातीची धार अंगठ्यानं बघितली. म्हणाले, मेटल लढाईतलं होतं, त्यात काय मिसळलं असेल देव जाणे. राखही होती. राहिली असती, बहुतेक. पण खात्रीनं मला सांगता येणार नाही. पीरमहंमदला आधी वाटलं, हे ऐकून आपल्याला थोडं हलकं वाटेल. वाटलं नाही. डॉक्टरनंही तेच सांगितलं होतं. तेल बदललं असतं तर हा प्रश्न घेऊन दारोदार हिंडावं लागलं नसतं, एवढं त्याला दिसलं, आणि तो घरी गेला.

उन्हाळा तापला तेव्हा तो चालत लोहसरला गेला. सूर्यभान घरासमोर बाजेवर बसला होता. कडूबाई शेणी थापत होती. त्यानं आधी मोटारीचं नाव काढलं, मग तेलाचं, मग मुरमात लोटलेल्या मातीचं. पुंजारामला पाठवून स्वतः मागं का राहिलो, हेही सांगितलं. सूर्यभान ऐकत होता आणि त्याचा डावा हात बाजेचा सुंभ चाचपत होता. सुरुंगाजवळ मीच लवकर गेलो, असं काहीतरी तो पुटपुटला. कडूबाईनं त्याला पुढं बोलू दिलं नाही. ती शेणाच्या हातांनी उठून पुढं आली.

"मी तुमाला दवाखान्यात भाऊ म्हनले," ती म्हणाली. "मोटारीखाली काय करत हुता ते मला ठावं न्हवतं. आता तुमी सांगितलं, तुमचं मन हलकं झालं. आमी काय करायचं ते सांगा की."

 पीरमहंमद मान खाली घालून उभा राहिला. मग ती रागातच म्हणाली की विहीर अर्ध्यावर पडली आहे. पाटलाशी बोली झाली होती, पाऊस लागायच्या आत खडक फोडून द्यायचा. खाली उतरायला माणूस नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो विहिरीवर जायला लागला. स्टेअरिंगवर मऊ झालेल्या हातांना पहार आणि घण झेपत नव्हता. पहिल्या आठवड्यात तळहात सोलून निघाले. सूर्यभान काठावर बसून कुठं भोक पाडायचं ते सांगायचा, दारू स्वतःच डाव्या हातानं ठासायचा. बत्ती दिल्यावर दोघं लांब बाभळीमागं जाऊन बसत. सुरुंग उडून धूळ खाली बसली तरी पीरमहंमद उठत नसे. सूर्यभान म्हणायचा, झालं, चल. पीरमहंमद आणखी थोडा थांबायचा.  कडूबाई भाकरी घेऊन यायची ती नवऱ्यापुरती आणायची. पीरमहंमद आपली शिदोरी वेगळी सोडायचा, आणि तिनं तसं करावं यात त्याला काही गैर वाटायचं नाही. भाऊ हा शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.

एके सकाळी कडूबाई माहेरी गेली होती. पीरमहंमद विहिरीवर पोचला तेव्हा सूर्यभान काठावर उघड्या डोक्यानं उभा होता. पटक्याचं एक टोक त्यानं दातांत धरलं होतं आणि डाव्या हातानं दुसरं टोक डोक्याभोवती फिरवू बघत होता. कापड सारखं सुटून खांद्यावर पडत होतं. रोज हे टोक कडूबाई धरत असणार. पीरमहंमद दुसरीकडे बघत पहार शोधायला लागला.

"धर जरा," सूर्यभान म्हणाला आणि दातांतलं टोक काढून त्याच्यापुढं केलं.

पीरमहंमदनं ते धरलं. सूर्यभान जागच्या जागी गोल फिरत पटका गुंडाळत गेला, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची मोकळी उजवी बाही पीरमहंमदच्या हाताला लागून जात होती. पटका बांधून होईपर्यंत पीरमहंमदनं नजर वर केली नाही.